देखावा आणि हवापाणी

वैशाखात एखादे रम्य स्थळ पाहून तेथेच कायमचे घर बांधावे, असा मोह पुष्कळांस होतो. त्यांस आम्ही महाबळेश्वर व पाचगणी यांची तुलना करण्यास सुचवितो. दोहोंत अंतर सुमारे १९ किलोमीटर. उंचीतही फरक थोडाच. परंतु अरबी समुद्रावरून येणारे मेघ सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी आधी रिते होतात. तेथे वर्षास सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडील पाचगणीस त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. आर्थर सीटवरील देखावा अनुपम खरा. पण तो घटकाभराचा. घरातील दमेकरी वडीलधाऱ्यांस मात्र चार महिने धुक्यात व ओलीत काढावयाचे असतात. म्हणून वैशाखात आवडलेली जागा आषाढात पुन्हा पाहावी. मगच पाया खणावा.