बढती ठरते कागदावर

सरकारी नोकरीत बढती कोणाला मिळते, या प्रश्नाची कार्यालयांत सहसा दोनच उत्तरे ऐकू येतात : ज्याची सेवा जास्त त्याला, किंवा ज्याचे साहेबांशी जमते त्याला. दोन्हींत तथ्य आहे. परंतु प्रस्ताव ज्या विभागीय पदोन्नती समितीसमोर जातो, तिच्यासमोर ना उमेदवार उभा असतो ना त्याचे साहेब. तिथे असतात ज्येष्ठतासूची, गेल्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, विभागीय परीक्षांचे निकाल आणि चौकशी प्रलंबित आहे की नाही याचा दाखला. वर जाऊ पाहणाऱ्याने हे कागद कसे तयार होतात ते आधी समजून घ्यावे लागते, आणि नेमक्या याच बाबतीत बहुतेक कर्मचारी कमालीचे बेफिकीर असतात.

या कागदांतील एकच शब्द किती महागात पडू शकतो, हे देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिसते. सीमा रस्ते संघटनेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांना अधीक्षक अभियंतापदासाठी लागोपाठ पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ असा शेरा हवा होता. चार वर्षे तो मिळाला, पण १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ एवढेच लिहिले गेले. त्या काळी फक्त प्रतिकूल शेराच कळवण्याची पद्धत होती आणि ‘चांगला’ हा प्रतिकूल मानला जात नव्हता, त्यामुळे तो त्यांना कळवलाच गेला नाही, आणि कनिष्ठ पुढे निघून गेले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शेरा बरा असो वा वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तोवर देव दत्त सेवानिवृत्त झाले होते. पुढे २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. दरम्यान २००९ पासून केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याची पद्धत सुरू केली असून, तो हाती आल्यापासून पंधरा दिवसांत त्याविरुद्ध निवेदन देता येते. ‘बरा शेरा आहे, कशाला वाद’ म्हणून ही मुदत जाऊ देणारे काही थोडे नाहीत.

अहवालाची सुरुवात कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लेखणीने होते. प्रथम तो स्वयंमूल्यांकन लिहितो, त्यावर प्रतिवेदन अधिकारी, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो काम करतो तो वरिष्ठ, मत नोंदवतो आणि मग त्याच्याही वरचा पुनर्विलोकन अधिकारी ते तपासतो. ‘सोपवलेली सर्व कामे प्रामाणिकपणे व वेळेत पार पाडली’ हे वाक्य इतक्या अहवालांत असते, की त्यातून कोणालाच काही कळत नाही. याउलट, वर्षाच्या आरंभी टेबलावर किती प्रकरणे प्रलंबित होती, किती निकाली निघाली आणि उरलेली कोणत्या कारणाने अडली, असे लिहिले तर वरिष्ठाला उंच श्रेणी देण्यास आधार मिळतो, आणि कमी श्रेणी दिल्यास कारण सांगावे लागते. साहेब वर्षाच्या मध्येच बदलून जाणार असतील आणि त्यांच्या हाताखाली तीन महिन्यांहून अधिक काम झाले असेल, तर त्या काळाचा अहवाल त्यांच्याकडूनच लिहून घेणे शहाणपणाचे ठरते.

एक गोष्ट मात्र खासगी कंपनीतल्या माणसाला चमत्कारिक वाटेल. केंद्र सरकारच्या निवडपदांवर २००२ पासून असा नियम आहे, की ठरावीक किमान श्रेणी गाठलेले सर्व उमेदवार ‘पात्र’ ठरतात आणि त्यांच्यातला क्रम ज्येष्ठतेनेच लागतो. अत्युत्कृष्ट शेरे मिळवून ज्येष्ठाला मागे टाकता येत नाही. एक निकृष्ट वर्ष मात्र माणसाला यादीबाहेर काढू शकते. अशा व्यवस्थेत चमकण्यापेक्षा खंड न पडू देणे अधिक मोलाचे ठरते, हे कर्तबगार माणसाला कितीही बोचले तरी.

महाराष्ट्राच्या महसूल खात्यात हीच गोष्ट परीक्षांच्या रूपाने भेटते. तलाठी किंवा महसूल सहायक यांना दुय्यम सेवा परीक्षा आणि त्यानंतर महसूल अर्हता परीक्षा ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या संधींत उत्तीर्ण व्हावी लागते. मुदत उलटली की मूळ ज्येष्ठता जाते आणि मागून आलेला सहकारी मंडळ अधिकारी किंवा नायब तहसीलदार होताना पाहावे लागते. वसुली, पीक पाहणी, निवडणुका यांच्या धबडग्यात अभ्यास राहून जातो, ही तक्रार खरीच आहे. पण ज्येष्ठतासूचीत तिच्यासाठी रकाना नसतो.

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत गुणांना अधिक वाव असतो, परंतु तिथली अडचण वेगळी आहे. कारकून अधिकारी झाला की बदली आलीच, म्हणून अनेकजण, विशेषतः घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, परीक्षेला बसण्याचेच टाळतात. १९७७ मध्ये परिविक्षाधीन अधिकारी म्हणून भारतीय स्टेट बँकेत आलेल्या अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि मुलांच्या किंवा वृद्धांच्या देखभालीसाठी स्त्रियांना दोन वर्षांची रजा देण्याची सोय त्यांनीच आणली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

बदली नको म्हणून बढती नाकारण्याआधी त्या नकाराचा हिशेब मांडायला हवा. केंद्रीय सेवेत बढती नाकारली की वर्षभर नवा प्रस्ताव येत नाही आणि दरम्यान बढती घेतलेले कनिष्ठ ज्येष्ठ होऊन बसतात. बढतीची संधीच न मिळालेल्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी योजना आहे. तिचा लाभही आधी बढती नाकारलेल्याला मिळत नाही, कारण नियमाच्या लेखी त्याची कुंठितता संधीच्या अभावातून आलेली नसते.