पडद्यावरचा समुद्र

बार्शीटाकळीहून नाकासमोर पश्चिमेला चालत सुटलं, वाटेतले डोंगर-नद्या काही मानले नाहीत, तर सव्वाचारशे किलोमीटरवर वलसाडच्या आसपास समुद्र लागतो. तिथंही न थांबता त्याच अक्षांशावरून पुढं गेलं, तर दीवचा किनारा उजव्या हाताला थोडक्यात चुकतो आणि मग अरबी समुद्र ओलांडून थेट ओमानचं मसिरा बेट येतं. हे मी पारावर सांगितलं तेव्हा आमचे एक शेजारी म्हणाले, "साहेब, आपल्या विद्रूपेत गुडघाभर पानी नाई, अन् तुमी ओमानले निघाले!"

त्यांचं बरोबर आहे. वऱ्हाडातल्या माणसाला समुद्राची उठाठेव कशाला? पण गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात समुद्र शिरला आहे. मुंबईत नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्यानं दोन मित्रांबरोबर एक जुनी, लहानशी शिडाची नाव घेतली. पावसाळा सोडून सुट्टीच्या दिवशी हे तिघं मांडव्याकडं, कधी खांदेरीकडं जातात. दिवाळीत तो घरी आला तो एक टॅब्लेट घेऊन. पाटीएवढा पडदा, त्यावर निळा-पांढरा नकाशा. "काकाजी, रस्ता शोधायची भानगडच मिटली. सगळा समुद्र यात आहे." माजघरातून वहिनींनी विचारलं, "अन् हे बंद पडलं तर?" तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. मला तो प्रश्न सोडवेना, म्हणून वाचत गेलो, विचारत गेलो.

आधी त्या यंत्राला त्याचं श्रेय द्यायला हवं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वाजले आहेत' एवढंच सांगत राहतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून टॅब्लेट अंतर काढतो. निदान चार उपग्रह सापडले की आपली जागा निघते. यात सगळी करामत घड्याळाची आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरनं चुकतं. पूर्वी अमेरिका सामान्य लोकांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळं १०० मीटरपर्यंत फरक पडायचा. मे २००० मध्ये ते बंद झालं. आज उघड्या आकाशाखाली पाच-दहा मीटरच्या आत आपली जागा कळते. ज्यासाठी जुन्या नाखव्यांनी जन्म घालवले, ते आता इतकं सोपं झालं आहे.

यासाठी इंटरनेट लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. नकाशे मात्र किनाऱ्यावर असतानाच उतरवून घ्यावे लागतात. आणखी एक गोम. काही कंपन्यांचे फक्त वायफायवर चालणारे टॅब्लेट येतात, त्यात जीपीएसचा भागच नसतो. सिमकार्डाच्या महाग टॅब्लेटमध्ये तो असतो. शहरात वायफायच्या आधारानं स्वस्त टॅब्लेटही आपली जागा बरोबर दाखवतो, त्यामुळं माणूस निर्धास्त राहतो आणि बंदर सुटल्यावर ठिपका गोठतो. शिवाय पडद्यावर पाण्याचे थेंब पडले की त्याला बोट कुठलं आणि थेंब कुठला हे कळेनासं होतं. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, उजेड वाढवला तर बॅटरी संपते, पाणी लागू नये म्हणून बंद वेष्टनात घातला तर तापून आपोआप बंद पडतो. वहिनींचा प्रश्न अगदीच घरगुती नव्हता.

यंत्र नव्हतं तेव्हा काय होतं? ध्रुवतारा होता. तो क्षितिजाच्या जितके अंश वर दिसतो, साधारण तितका आपला अक्षांश. वाचकहो, आज रात्री गच्चीवर जाऊन बघा. हात ताठ करून डोळ्यांसमोर मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. अकोल्या-अमरावतीकडं क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या, की दुसरीच्या किंचित वर ध्रुव सापडतो. अरब खलाशी हेच काम 'कमाल' नावाच्या साधनानं करत. एक लाकडी फळी, तिच्या मधोमध दोरी, दोरीला गाठी. ठरलेल्या बंदराची गाठ दातांत धरायची आणि फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची. वरच्या कडेला ध्रुव आला, की त्या बंदराचा अक्षांश मिळाला. मग तो अक्षांश न सोडता नाव हाकायची.

नोकरीत मी तीन वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावी काढली. मासेमारीच्या बोटींना आमची शाखा कर्ज देत असे, म्हणून तपासणीला धक्क्यावर जावं लागे. तिथं एक म्हातारा तांडेल होता. डोंगराचा सुळका आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की जाळं टाकायचं, हा त्याचा हिशेब. खोली तो वावांत सांगे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. भरतीची वेळ विचारली, तर तिथीची पाऊणपट करायचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला पूर्ण भरती. मी त्या वेळी तक्त्याशी ताडून पाहिलं, पाऊण-एक तासाच्या आत उत्तर यायचं. पंचांग, डोळे आणि दोरी, एवढ्यावर त्यानं चाळीस वर्षं बोट चालवली. मात्र जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. त्याच गावात वादळात परत न आलेल्यांची घरं मी पाहिली आहेत आणि त्या माणसांनाही पंचांग येत होतं.

आता नकाशाकडं येऊ, कारण खरी मेख तिथं आहे. उपग्रह आपल्याला फक्त आकडे देतो. त्या आकड्यांच्या जागी पाणी आहे की खडक, हे नकाशा सांगतो आणि नकाशा कोणीतरी पाणी मोजून केलेला असतो. आपल्या समुद्राचे नकाशे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तयार करतं. १८७४ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेलं हे काम १९५४ मध्ये डेहराडूनला गेलं. म्हणजे अरबी समुद्र कागदावर उतरतो तो हिमालयाच्या पायथ्याशी! मच्छीमारांना मासे आणि लाटांची खबर देणारं केंद्र हैदराबादला आहे. समुद्राची ही दोन्ही दफ्तरं समुद्रापासून इतकी लांब चालतात, तर बार्शीटाकळीच्या माणसानं त्यावर लिहायला कोणाची हरकत नसावी.

छापील नकाशात एक गोष्ट चांगली असते. त्यावर छापलेला खडक पुसला जात नाही. पडद्यावरचा नकाशा लहान-मोठा करता येतो. लांबचा पल्ला बघायला तो लहान केला, की गर्दी नको म्हणून त्यातले बारीक तपशील गळतात. हे असं होऊन काय घडतं, ते २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री जगानं पाहिलं. जगप्रदक्षिणेची व्होल्वो शर्यत सुरू होती. नऊ जणांची 'व्हेस्टास विंड' ही ६५ फुटी बोट केपटाउनहून अबुधाबीकडं जाताना मॉरिशसच्या उत्तरेला कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळ खडकांवर भर वेगात चढली. मार्गदर्शकानं पडद्यावर तो भाग पाहिला होता. त्या प्रमाणात तिथं ४० मीटर खोली दिसत होती. पुरेसं मोठं करून पाहिलं असतं तर खडक दिसला असता. शतकानुशतकं खलाशांना ठाऊक असलेला तो खडक नकाशात होता, उपकरणं चालू होती, माणसं निष्णात होती. नऊही जण वाचले, हे नशीब.

आपल्याकडंही आठवण ताजी आहे. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडं निघालेली एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एक तरुण गेला. त्याच खडकाळ पट्ट्याचा इशारा देत प्राँग्जचं दीपगृह १८७५ पासून उभं आहे.

मी बँकेतला माणूस, माझ्या डोक्यात हे लेजरच्या भाषेत येतं. व्हाउचर एकानं लिहायचं, तपासायचं दुसऱ्यानं. ज्यानं लिहिलं त्यानंच तपासलं, तर ती तपासणी नव्हे. संगणक आले तेव्हा आमच्या काही मंडळींना वाटलं की आता जुळवाजुळव संपली, यंत्र चुकत नाही. यंत्र बेरजेत चुकत नव्हतंच. पण चुकीच्या खात्यावर घातलेली रक्कमही ते तितक्याच बिनचूकपणे मिळवत होतं आणि दिवसअखेर हातातली रोकड मोजूनच ते सापडायचं. टॅब्लेटवर जागाही तोच सांगतो, नकाशाही त्याचाच आणि दोन्ही एकाच बॅटरीवर. लिहिणारा-तपासणारा एकच झाला. तपासायला दुसरा हवा, आणि तो वेगळ्या घरचा हवा. होकायंत्रावर दीपगृहाची दिशा, दोरीनं किंवा यंत्रानं मोजलेली खोली, नाहीतर डोंगर आणि कळसाची रेघ. पडद्यावर पाच मीटर खोली असेल आणि दोरी दोनच मीटर सांगत असेल, तर दोरीचं ऐकायचं. हे मी पुतण्याला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "काकाजी, तुम्ही निवृत्त झालात, पण ऑडिट सुटलं नाही."

यंत्राशिवायच जायचं, असं ठरवूनही माणसं समुद्रावर जातात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले. त्यांची 'सुहेली' ही नाव आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. त्या सफरीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये जी शर्यत झाली, तिचा नियमच होता की मार्ग काढायला जीपीएस वापरायचं नाही, सूर्य-तारे मोजायचे. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली 'सुहेली'ची प्रतिकृती 'थुरिया' घेऊन उतरले. दक्षिण हिंदी महासागरात वादळानं नाव उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर मार बसला, हलता येईना. २४ सप्टेंबर २०१८ रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. आकाश मोजून ते तिथवर गेले होते. पण त्या अफाट पाण्यात ते नेमके कुठं पडले आहेत, हे शोधणाऱ्यांना कळलं ते नावेवरच्या उपग्रह-यंत्रामुळं. यंत्राला नावं ठेवणाऱ्यांनी ही बाजूही विसरू नये. हेच टॉमी पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. त्यांच्या आधी, २००९-१० मध्ये, 'म्हादेई' घेऊन पृथ्वीला फेरी घालून मुंबईला परतलेले कमांडर दिलीप दोंदे हे एकट्यानं अशी सफर करणारे पहिले भारतीय. त्यांच्याकडं आधुनिक उपकरणं होती. कोणाचं शौर्य मोठं, हा वाद मला निरर्थक वाटतो.

हौशी लोकांचं सोडा, ज्यांची चूलच समुद्रावर पेटते त्यांच्याकडं बघा. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइलची रेंज संपते. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आलं तेव्हा आधीच खोल समुद्रात गेलेल्या केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. कित्येक बुडाले. साठाहून अधिक बोटी भरकटत आपल्या देवगडच्या आश्रयाला आल्या, त्यांत नऊशेवर माणसं होती. त्यानंतर २०१९ मध्ये हैदराबादच्या केंद्रानं 'जेमिनी' नावाचा छोटा डबा काढला. तो उपग्रहाकडून वादळाचा, लाटांचा इशारा घेतो आणि ब्लूटूथनं मच्छीमाराच्या मोबाइलवर उतरवतो. त्यावरून उलट निरोप मात्र पाठवता येत नाही. 'मी बुडतोय' हे त्या डब्याला सांगता येत नाही.

आणि एक धोका असा आहे, जो डोळ्यांना कधीच दिसणार नाही. डहाणू-तलासरीकडची पोरं ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तिथून भारत-पाकिस्तानची सागरी हद्द जवळ. पाण्यावर कुंपण नाही, खांब नाही, दोन्हीकडचं पाणी एकाच रंगाचं. तिथं डोंगराचा सुळकाही नसतो आणि देवळाचा कळसही नसतो. ती रेघ दिसते फक्त पडद्यावर, आणि पडदा असतो तांडेलापुढं. मागं जाळं ओढणाऱ्या खलाशाला आपण कुठल्या रेखांशावर आहोत हे कोणी सांगत नाही. मासळी पुढं सरकते, बोट तिच्यामागं जाते, कधी रात्री इंजिन बंद पडून वाहवते. पकडले गेले की बोट जप्त आणि माणसं कराचीच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यांत मच्छीमारांची यादी वेगळी असते. तलासरीच्या पाड्यांवर त्या याद्यांमध्ये नाव शोधणारी घरं आहेत. यादीत नाव असलं म्हणजे माणूस जिवंत आहे, एवढं कळतं. सुटका कधी, ते यादीत नसतं.