गार्डचा डबा
रुळांवरचा मराठवाडा : भाग ९

मागच्या भागात आपण वाफेच्या इंजिनाच्या भट्टीपाशी होतो. आज गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे आहे. गाडी इंजिन ओढते हे लहान पोरालाही ठाऊक असते, पण ती थांबवतो कोण, हे फारसे कुणी विचारत नाही. रेल्वेच्या पहिल्या काही दशकांत त्याचे अर्धे उत्तर गाडीच्या शेपटाला, गार्डच्या डब्यात होते. त्यालाच ब्रेकव्हॅन म्हणतात.

भरलेली बैलगाडी उतारावरून आणणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. ओढण्यापेक्षा आवरणे अवघड. जुन्या मालगाडीत ब्रेक असे तो इंजिनाला आणि शेवटच्या डब्याला. मधल्या वाघिणी साखळीच्या कड्यांनी सैल जोडलेल्या, त्यांना चालत्या गाडीत लावता येईल असा ब्रेकच नाही. ड्रायव्हरने एकदम वेग आवरला की मागच्या वाघिणी धडाधड पुढच्यांवर आदळत. पुन्हा जोर लावला की सगळ्या कड्या ताणल्या जात आणि एखादी तुटे. म्हणून उतार लागला की गार्डने मागून ब्रेक आवळून गाडी ताणून धरायची. ड्रायव्हरच्या तीन छोट्या शिट्ट्या ऐकू आल्या की तर लगेच.

हा ब्रेक जवळून पाहण्यासारखा आहे. डब्यात एक उभा लोखंडी दांडा, त्याच्या माथ्यावर हाताने फिरवायचे चाक. दांड्याला खाली आटे पाडलेले. चाक फिरवले की आट्यांवरची नट सरकते, तिला जोडलेल्या पट्ट्या डब्याखालचे दांडे खेचतात आणि बिडाचे ठोकळे चाकांच्या कडेवर दाबले जातात. सुरुवातीचे फेरे हलके जातात, ठोकळे टेकले की मात्र प्रत्येक फेऱ्याला खांदा लावावा लागतो. डबा हलका असला तर चाके अडकून रुळावर नुसती घसरतात, म्हणून तो मुद्दाम जड बांधत. ब्रिटनमध्ये मालगाडीची ब्रेकव्हॅन २० टनांची असे, आणि चाकांपुढे रुळावर सोडायला वाळूची पेटीही असे.

एवढे करूनही माणसाचे बळ कुठे अपुरे पडते, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माघ इथे दिसले. सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी तिचे दोन भाग केले. पुढचा भाग वर नेऊन ठेवायचा आणि मग परत येऊन मागचा न्यायचा, असा विचार. त्या गाडीचा व्हॅक्यूम ब्रेक असा होता की नळी सुटली की तो निकामीच व्हायचा. मागचे दहा डबे आता केवळ गार्डच्या हातब्रेकवर उभे राहिले. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, त्याचा धक्का बसला आणि ते डबे उतारावर सुटले, ते मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळेपर्यंत. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाडीला सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला: नळी तुटली की प्रत्येक डब्याचा ब्रेक स्वतःहून लागलाच पाहिजे. आज नांदेडच्या फलाटावर आपण ज्या निर्धास्तपणे डब्यात चढतो, त्यामागे ती मुले आहेत. रेल्वेच्या इतिहासात मला याहून मोठी घटना दिसत नाही.

आता आपल्याकडे येऊ. नांदेडला मीटरगेज आली ती निजामाच्या काळातल्या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची, विसाव्या शतकाच्या तोंडावर. लातूरला १९११ मध्ये आली ती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. ती बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा आग्रह असा, की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार पडता कामा नये. मग हलके रूळ पुरतात आणि खर्च आवाक्यात राहतो. बार्शी, लातूर, पंढरपूर ही गावे त्या हिशेबाच्या जोरावर रेल्वेला जोडली गेली.

हाच कॅलथ्रॉप नेरळ-माथेरान रेल्वेचा सल्लागार अभियंता होता. आदमजी पीरभॉय घराण्याने उभारलेली ती दोन फुटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. साधारण २१ किलोमीटरचा रस्ता आणि काही ठिकाणी २० फुटांमागे १ फूट चढ. पुढे याच माणसाने, स्नेही चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात गेल्यावर, वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले. उंचावरून सुखरूप खाली कसे यायचे, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला असे मला वाटते.

माथेरानच्या गाडीत गार्डच्या डब्याचे काम डब्याडब्यात वाटलेले होते. डब्यांच्या सांध्यापाशी ब्रेक पोर्टर बसत. इंजिनाची शिट्टी झाली की ते हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत आणि पुढच्या इशाऱ्यावर सोडत. उतरताना वळणावळणावर हेच चाले. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे गाडी बंद झाली, आणि पुन्हा सुरू करताना तिला एअर ब्रेक बसवले गेले. ते योग्यच झाले. निलगिरीच्या गाडीत मात्र प्रत्येक डब्याच्या पुढच्या सज्जात ब्रेकवाला उभा असतो. हे काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर तिथे जावे.

ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी चालवलेल्या वारसा रेल्वेंवर (तालिथलिन ही १९५१ मधली पहिली) जुन्या ब्रेकव्हॅनमधून फेरी मारता येते. मागच्या उघड्या सज्जात उभे राहिले की रूळ पायाखालून निघून मागे मागे जाताना दिसतात. चार चाकांचा डबा, कडक स्प्रिंगा आणि शेवटची जागा, त्यामुळे प्रत्येक सांधा हाडांना कळतो. आपल्या मालगाड्यांचे गार्ड अशा चारचाकी डब्यांत पंखा, दिवा, शौचालय यांतले काहीही नसताना रात्रीच्या रात्री काढत. सोबत लाइन बॉक्स: हिरवे-लाल झेंडे, हातदिवा, शेपटाचा दिवा आणि रुळावर लावायचे पटाखे. गाडी मधेच अडली की गार्डने अंधारात मागे चालत जायचे. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक पटाखा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, म्हणजे मागून येणाऱ्या ड्रायव्हरला स्फोट ऐकू यावेत.

आपण वारसा जपतो म्हणजे स्टेशनसमोर चौथऱ्यावर इंजिन चढवतो. इंजिन जपावेच. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे, शाळांनी मुलांना तिथे अवश्य न्यावे. पण माझे मागणे एवढ्यावर थांबत नाही. नांदेड किंवा लातूरला एक गार्डचा डबा, त्याचे चाक फिरते ठेवून, थोड्याशा रुळावर चालवावा. अर्धापूरच्या पोरांनी ते चाक स्वतः आवळून पाहावे. आपल्या गावाला अजून गाडी नाही आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. केळीचे घड रेल्वेने जातील तेव्हा जातील, रेल्वे समजून घ्यायला त्यासाठी थांबायचे कारण नाही.

गार्डला जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि काही मालगाड्यांच्या शेपटाला आता माणसाऐवजी संदेश पाठवणारे यंत्र असते. शेवटच्या डब्याचे एक काम मात्र तसेच आहे. त्याच्या पाठीवरची खूण किंवा दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत एकही वाघीण राहिली नाही. ती खात्री झाल्यावरच एकेरी मार्गावर स्टेशन मास्तर पुढच्या गाडीसाठी टोकनचा गोळा काढू शके. तो गोळा आणि त्याचे यंत्र पुढच्या आठवड्यात उघडून पाहू.