जिल्हा संघ आणि त्यांचे समर्थक (महाराष्ट्रातील कबड्डी व खो-खो)

महाराष्ट्रात कबड्डी आणि खो-खो या दोन देशी मैदानी खेळांच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धा जिल्हा हे एकक धरून खेळवल्या जातात. जिल्ह्यातील नोंदणीकृत मंडळे व क्लब यांच्यातून निवडलेला हौशी खेळाडूंचा चमू म्हणजे जिल्हा संघ. या संघांचे निकाल वर्षानुवर्षे लक्षात ठेवणारा, त्यांच्या सामन्यांसाठी परगावी जाणारा आणि मैदानावर जिल्ह्याच्या नावाने घोषणा देणारा एक प्रेक्षकवर्ग राज्यात आहे. तो क्रिकेटच्या प्रेक्षकवर्गाएवढा मोठा नाही आणि त्याच्याविषयी लेखनही फारसे झालेले नाही. प्रस्तुत लेखात या समर्थकांचा विचार केला असून उदाहरणे मुख्यत्वे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांची घेतली आहेत.

पार्श्वभूमी

हुतुतू या नावाने महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या कबड्डीला आणि खो-खोला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिखित नियम मिळाले. खो-खोच्या नियमबद्धतेत पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा, तर दोन्ही खेळांच्या प्रसारात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाचा वाटा मोठा होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. स्वातंत्र्यानंतर कबड्डीच्या संघटनेचे जाळे गावोगावी नेण्याचे श्रेय शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांना दिले जाते. 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

मराठवाडा या काळात हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 नंतर तो भारतीय संघराज्यात आला आणि 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. मुंबईच्या गिरणगावात, पुण्याच्या पेठांत आणि कोकणातील गावांत मंडळे, चषक आणि नियमित स्पर्धा रुजत असताना मराठवाड्यातील जिल्हे वेगळ्या राज्यव्यवस्थेत होते. राज्य स्पर्धांच्या विजेत्यांत मुंबई, मुंबई उपनगर, ठाणे, पुणे, रायगड, रत्नागिरी, सांगली यांची नावे का अधिक दिसतात, हे समजून घेताना हा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. मराठवाड्यातील प्रेक्षक ‘आमच्याकडे गुणवत्ता कमी नाही, सुरुवात उशिरा झाली’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या म्हणण्यात तथ्य असते.

निवडीची पद्धत

मंडळे जिल्हा संघटनेकडे नोंदणी करतात. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा ही त्याच वेळी निवड चाचणीही असते. तेथील खेळावरून निवड समिती संभाव्य खेळाडू निवडते, त्यांचे सराव शिबिर होते आणि त्यातून अंतिम संघ ठरतो. राज्य स्पर्धेत प्रथम गटवार साखळी सामने, नंतर बाद फेरी होते आणि तेथून राज्याचा संघ निवडला जातो. पुरुष, महिला, कुमार आणि किशोर अशा गटांसाठी ही साखळी स्वतंत्रपणे चालते. विदर्भाच्या संघटना वेगळ्या असल्यामुळे तेथील जिल्हे या स्पर्धांत नसतात. प्रशासकीय महाराष्ट्र आणि कबड्डीचा महाराष्ट्र यांचे नकाशे जुळत नाहीत, हे नव्या प्रेक्षकाला प्रथम चमत्कारिक वाटते. क्रिकेटच्या रणजी करंडकात तर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत.

शालेय स्पर्धांची रचना आणखी निराळी आहे. तेथे तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असे टप्पे असून जिल्ह्यात जिंकलेला संघ पुढे विभागाच्या नावाने खेळतो. महसुली दृष्ट्या मराठवाड्याचे आठही जिल्हे एकाच विभागात असले, तरी क्रीडा खात्याने लातूर हा वेगळा विभाग केला आहे. त्यामुळे शाळेत असताना ‘विभागा’साठी टाळ्या वाजवणारा मुलगा पुढे कुमार गटात ‘जिल्ह्या’चा समर्थक होतो.

जिल्ह्यांची फोड आणि निष्ठेची वाटणी

जिल्हा ही सरकारी सोय असल्याने ती बदलते, आणि तिच्याबरोबर समर्थकांची निष्ठाही विभागली जाते. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला. 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधून लातूर आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली हे जिल्हे निर्माण झाले. कालपर्यंत एकाच संघासाठी निवड चाचणी देणारी मंडळे अशा वेळी परस्परांची प्रतिस्पर्धी होतात. जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही शहरे सुमारे साठ किलोमीटरवर असल्याने दोहोंच्या प्रेक्षकांत नातेसंबंध व व्यवहार कायम राहिले, आणि सामन्यातील ईर्ष्येला घरगुती थट्टेचे रूप आले.

नावांच्या बदलाचाही येथे उल्लेख करावा लागेल. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव आणि नंतर अहमदनगरचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. जुनी प्रमाणपत्रे, चषकांवरील कोरीव अक्षरे आणि वृत्तपत्रांची कात्रणे यांत आधीची नावे आहेत. एखाद्या संघाची कामगिरी शोधताना वाचकाने दोन्ही नावे पाहणे आवश्यक ठरते.

धाराशिवचे उदाहरण

मराठवाड्यातील जिल्हा संघ राज्यात अग्रस्थानी येऊ शकतो याचे ठळक उदाहरण म्हणजे धाराशिवचा महिला खो-खो. मोठे उद्योग नसलेल्या, वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या जिल्ह्याने पुणे, ठाणे व मुंबई उपनगर यांच्या तोडीचा संघ उभा केला. खो-खोला लागणारी साधने अल्प असतात. दोन खांब, आखलेले मैदान आणि रोज सराव घेणारा प्रशिक्षक एवढे असले तरी काम सुरू होते. बुटांशिवाय, मातीवर खेळूनही खेळाडू घडू शकतो. या खेळात पैशापेक्षा सातत्याची गरज अधिक असते, आणि धाराशिवने तेच सांभाळले.

या परंपरेतील सारिका काळे यांनी 2016 मध्ये गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला व पुरुष संघांनी नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळवले. महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. या स्पर्धेत प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

निकालपत्रकाचे वाचन

जिल्हा संघाचा समर्थक सामन्याला प्रत्येक वेळी हजर राहू शकत नाही. दीर्घकाळ त्याचा आधार वृत्तपत्राच्या क्रीडापानावरील चार ओळींचा होता, आणि त्या ओळींची स्वतंत्र परिभाषा आहे. खो-खोच्या वृत्तात ‘एक डाव 4 गुणांनी विजय’ असे लिहिलेले असते, तेव्हा पराभूत संघाच्या दोन पाळ्यांचे गुण मिळूनही ते विजेत्याच्या एका पाळीपेक्षा 4 ने कमी होते असा अर्थ होतो. ‘दीड मिनिट राखून विजय’ म्हणजे शेवटच्या पाळीत तेवढा वेळ शिल्लक असतानाच आवश्यक गुण पूर्ण झाले. खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘2.10 मि. संरक्षण व 3 गुण’ असे असल्यास तो पळतीत 2 मिनिटे 10 सेकंद बाद न होता टिकला आणि आक्रमणात त्याने 3 गडी बाद केले. मुरलेला समर्थक आधी संरक्षणाची वेळ पाहतो. आक्रमणात सोप्या गड्यांवरही गुण मिळू शकतात, परंतु नऊ आक्रमकांसमोर दोन मिनिटे पळणे हे निखळ कौशल्य होय.

कबड्डीच्या वृत्तात मध्यंतराची गुणसंख्या महत्त्वाची असते. प्रतिस्पर्ध्यांचे सर्व, म्हणजे सातही खेळाडू बाद झाले की लोण चढतो आणि त्याचे दोन जादा गुण मिळतात. त्यामुळे मध्यंतराला पाच-सहा गुणांनी मागे असलेला संघ एका लोणाने बरोबरीला येऊ शकतो. ‘उत्तम पकडी केल्या’ या ठरीव वाक्यामागे कोपरारक्षकाने घोट्याला घातलेली मिठी असते, किंवा मध्यरक्षकांची साखळी असते. ते वाचकाला स्वतःच्या कल्पनेने भरून घ्यावे लागे. अलीकडे मोबाइलवर थेट प्रक्षेपण दिसू लागल्याने ही गरज कमी झाली आहे.

मैदान आणि प्रेक्षक

राज्य स्पर्धा आळीपाळीने निरनिराळ्या जिल्ह्यांत होतात. यजमान गावात तात्पुरते मैदान आखले जाते आणि भोवती बांबू वा लोखंडी पाइपांच्या गॅलऱ्या उभ्या राहतात. स्पर्धेच्या जागेला एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याचे नाव देऊन तिला ‘क्रीडानगरी’ म्हणण्याची रीत आहे. सामने सायंकाळपासून प्रकाशझोतात खेळवले जातात. पूर्वी मातीवर होणारे कबड्डीचे सामने आता बहुधा मॅटवर होतात. मॅटवर खेळ वेगवान झाला, पण ज्या जिल्ह्यांत सरावासाठी मॅट सहज मिळत नाही त्यांच्या खेळाडूंचे पाय पहिल्या सामन्यात घसरतात, ही ग्रामीण संघांची नित्याची तक्रार आहे. छत्रपती संभाजीनगरात गारखेडा येथील विभागीय क्रीडा संकुल आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र या सोयी असल्याने शहरातील खेळाडूंची अडचण तालुक्यांतील खेळाडूंच्या मानाने कमी आहे.

गॅलरीत बसणाऱ्यांपैकी पुष्कळ जण माजी खेळाडू, खेळाडूंचे नातलग आणि मंडळांचे कार्यकर्ते असतात. त्यामुळे पंचांच्या निर्णयावरील टीकाही जाणकार असते, क्वचित प्रमाणाबाहेर जाते.

कोणाचा खेळाडू?

या निष्ठेपुढील सर्वांत अवघड प्रश्न खेळाडूंच्या स्थलांतराचा आहे. खेळाडू ज्या जिल्ह्यात नोंदणीकृत असतो त्या जिल्ह्याकडून खेळतो, आणि नोंदणी शिक्षण किंवा नोकरीच्या मागे जाते. रेल्वे, बँका, तेल कंपन्या व इतर आस्थापना यांचे व्यावसायिक संघ प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आहेत. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण तेथपर्यंत पोहोचण्यासाठीही राज्य व राष्ट्रीय स्तरावरील कामगिरी लागते आणि ती बलाढ्य संघातून खेळल्यास सुकर होते. परिणामी मराठवाड्यातील होतकरू मुलगा विशीच्या आत जिल्हा सोडतो. विश्वविजेत्या संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे यांचे मूळ गाव बीड जिल्ह्यात असले, तरी त्यांची खेळातील जडणघडण पुण्यात झाली. विजयानंतर दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपले मानले.

कुस्तीत याची उलट बाजू दिसते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही मल्ल जिल्ह्यांच्या नावाने उतरतात. ही स्पर्धा प्रथम 1961 मध्ये औरंगाबाद येथे झाली आणि दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेत शिवराज राक्षे नांदेडकडून खेळून महाराष्ट्र केसरी झाले. ते मूळचे पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर परिसराचे. चुरशीच्या जिल्ह्यात जागा मिळवण्यापेक्षा दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरणे मल्लाच्या दृष्टीने व्यवहार्य असते. नांदेडच्या प्रेक्षकाने त्या गदेचा आनंद किती मानावा, याविषयी मात्र मतभेद संभवतात.

तुलना: आयर्लंडमधील काउंटी संघ

जिल्हानिष्ठेचे जगातील सर्वांत विकसित रूप आयर्लंडमध्ये आढळते. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संघटनेची स्थापना 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स येथे झाली. गेलिक फुटबॉल व हर्लिंग हे तिचे प्रमुख खेळ असून बेटावरील 32 काउंट्या हा स्पर्धांचा पाया आहे. अंतिम सामने डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर होतात. त्याची क्षमता 82 हजारांहून अधिक असून ते भरते. तरीही काउंटीचे खेळाडू हौशी आहेत आणि त्यांना खेळण्याचा पगार मिळत नाही. शिक्षक, शेतकरी वा पोलीस असलेला खेळाडू रविवारी हजारो लोकांसमोर खेळून सोमवारी कामावर जातो.

हौशी स्वरूप, वसाहतकाळात देशी खेळांना मिळालेला राष्ट्रीय अर्थ आणि प्रदेशनिष्ठ रचना या तीन बाबतींत महाराष्ट्राशी साम्य आहे. भेद मुख्यतः खेळाडूच्या मुळाविषयीचा आहे. तेथे खेळाडू सामान्यतः आपल्या गावच्या क्लबशी बांधलेला राहतो आणि त्या क्लबमुळेच त्याची काउंटी ठरते. नोकरीसाठी डब्लिनला गेलेला तरुणही सरावासाठी गावी परततो. काउंट्यांच्या सीमा खेळापुरत्या अढळ राहिल्या आहेत आणि त्यांचे रंगही ठरलेले आहेत. किल्केनीचा काळा-पिवळा किंवा केरीचा हिरवा-सोनेरी रंग मुलांना लहानपणीच पाठ होतो. महाराष्ट्रातील जिल्हा संघांचा पोशाख बहुधा प्रायोजकाप्रमाणे बदलतो. संघाला रंग नसल्याने समर्थकाला अंगावर घालायला काही नसते. ही उणीव वरवरची वाटते, तशी ती नाही.

व्यावसायिक लीगचा परिणाम

26 जुलै 2014 रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने खेळाडूला मानधन आणि प्रसिद्धी दिली. यू मुंबाने 2015 चा हंगाम जिंकला आणि पुणेरी पलटणने मार्च 2024 मध्ये विजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई यांना 2019 च्या हंगामासाठी 1 कोटी 45 लाख रुपयांची बोली लागली. खो-खोमध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग 2022 मध्ये पुण्यात सुरू झाली. या लीगमध्ये खेळाडू लिलाव किंवा ड्राफ्टमधून येत असल्याने संघाचे नाव आणि खेळाडूचे गाव यांचा संबंध राहत नाही. मराठवाड्यातील एकाही शहराच्या नावाने संघ नाही. त्यामुळे तेथील प्रेक्षक लीगमध्ये संघाऐवजी खेळाडूच्या मागे जातो, आणि संघाच्या निष्ठेसाठी पुन्हा राज्य अजिंक्यपद स्पर्धेकडे वळतो. लीगमधील नावाजलेले खेळाडू उपलब्ध असतील, तर ते राज्य स्पर्धेत आपापल्या जिल्ह्याकडून उतरतात. जानेवारी 2018 मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या पुरुषांनी रिशांक देवाडिगा यांच्या नेतृत्वाखाली सेनादलाला हरवून अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्या संघातही लीगमधून परिचित झालेले खेळाडू होते.