वारंवार तहकुबी हेही गैरवर्तनच

पुण्याच्या फौजदारी न्यायालयात साक्षीसाठी आलेल्या एका कृषिशास्त्रज्ञाला आरोपीच्या वकिलांच्या सबबींमुळे वारंवार परतावे लागले. त्याची तक्रार बार कौन्सिलने फेटाळली. मात्र साक्षीदार हजर असताना पर्यायी व्यवस्था न करता तहकुबी मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले.

आपल्याच वकिलाने प्रकरणाकडे गंभीर दुर्लक्ष केल्यास पक्षकारालाही १९६१ च्या अधिवक्ता कायद्यान्वये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे दाद मागता येते. दोष सिद्ध झाल्यास कलम ३५ नुसार ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होऊ शकते. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात मोडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिल्याने हा मार्ग अधिकच महत्त्वाचा ठरला आहे. नुकसानभरपाईसाठी मात्र दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.