चिंच आधी, दाट दूध शेवटी

वसईच्या पाचूबंदरात किंवा अर्नाळ्याच्या एखाद्या घरात सरंग्याचं आंबट-तिखट कालवण होताना बघा. वाटलेला मसाला परतला की चिंचेचा कोळ पडतो, मग नारळाचं पातळ दूध, मग मासा. पहिलं दाट दूध अगदी शेवटी. हाच क्रम का?

आधी चिंच बघू. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तगून राहायला मासा अंगात एक खास रसायन बाळगतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. मासळीचा वास म्हणतो तो हाच! पण आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. वास भांड्यातच अडकून पडतो, नाकापर्यंत येतच नाही.

आता तिखट. 1492 च्या आधी भारतात मिरचीचं एकही रोप नव्हतं, खरं वाटतं? ती अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली, आणि 1534 ते 1739 वसईही त्यांच्याकडेच होती. चिंच त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेहून आलेली. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चिकटतं, तो मुळात साधारण 43 अंशांपुढची उष्णता ओळखायला असतो. आग नाही, तरी आगीची घंटा वाजते! हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पोपट मात्र मिरची खुशाल खातो, कारण पक्ष्यांच्या ग्राहकावर कॅप्सेसिनची मात्रा चालतच नाही.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. नारळाचं दूध म्हणजे तर पाण्यात तरंगणारे तेलाचे असंख्य थेंब, प्रत्येकावर प्रथिनांचं आवरण. या प्रथिनांवरच्या विद्युतभारामुळे थेंब एकमेकांना दूर लोटतात. आम्ल तो भार घालवतं, त्यात खळखळून उकळी आली की प्रथिनांच्या गुठळ्या होतात, तेल सुटतं, कालवण फुटतं. म्हणून आंबटपणा आधी पातळ दुधात विरळ करायचा आणि दाट दूध मंद आचेवर घालायचं.

तोवर मासाही शिजलेला असतो. माशाचे स्नायू बांधून ठेवणारं कोलॅजन मटणापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला विरघळतं, काही मिनिटांतच तुकड्यांचे पापुद्रे सुटायला लागतात. त्यामुळे दाट दूध घातलं की पळी बाजूला ठेवायची, भांडं फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून हलकेच गोल फिरवायचं, आणि पहिला बुडबुडा दिसायच्या आत गॅस बंद.