खारपाणपट्ट्यातली समुद्राची टाकी

बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालमध्ये घरात समुद्री मासे पाळायचे म्हटलं की शेजारीपाजारी पहिल्यांदा एकच विचारतात, "पाणी तर आपल्याकडे खारंच आहे, मग मीठ विकत कशाला आणायचं?" प्रश्न रास्त आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा खारपाणपट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाण्याला चव मचूळच. प्यायला वान धरणाचं पाणी किंवा आरओचा कॅन. मग माशांच्या टाकीत सरळ बोअरचं पाणी सोडलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं जेवणातलं मीठ, सगळ्यात जास्त. त्याखालोखाल सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण ठरलेलं. आपल्या जमिनीतल्या पाण्यात क्षार त्याहून कितीतरी कमी, आणि त्यांची जातही वेगळी. खाण्याच्या सोड्याच्या कुळातलं बायकार्बोनेट त्यात बरंच असतं.

हरियाणात रोहतकजवळ लाहली इथे मुंबईच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी कशी वाढवायची, यावर तिथे काम चालतं. त्या पाण्यात पोटॅशियम अपुरं पडतं आणि ते वरून द्यावं लागतं. पाणी जिभेला खारट लागलं म्हणून ते कोळंबीला चालेलच असं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर घ्या. तेही खारं, पण त्याचा सामू, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की अल्कलीकडे हे सांगणारा आकडा, १० च्या आसपास. समुद्राचा ८ च्या थोडा वर.

तेव्हा सुरुवात शक्य तितक्या कोऱ्या पाण्यापासून करायची, आणि त्यात समुद्राचे क्षार आपल्या हाताने घालायचे.

कोरं पाणी म्हणजे आरओचं, पण जरा थांबा. कॅनवाल्याच्या किंवा घरच्या यंत्रात बऱ्याचदा चव येण्यासाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. पिण्याला ते उत्तम, टाकीला नाही. टीडीएसचं पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, बुडवून बघा. बोअरचा आकडा १५००, म्हणजे लिटरला १५०० मिलिग्रॅम असेल आणि आरओच्या पडद्याने त्यातले शंभरातले ९५ भाग अडवले, तरी ७५ उरतातच. टाकीत रोज दोन लिटर अशी भर घातली तर वर्षाला ५० ग्रॅमहून जास्त नको ते क्षार आत जातात. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडतात. तिच्यातले बारीक मणी उरलेसुरले क्षार धरून ठेवतात. पेनवर शून्य किंवा त्याच्या जवळपासचा आकडा आला की पाणी तयार.

पावसाळ्यात आणखी एक सोय आहे. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, मग अंगणात स्वच्छ प्लॅस्टिक ताणून पाणी धरा. टिनाच्या पत्र्यावरचं मात्र घेऊ नका. पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो आणि कोळंबी-गोगलगाईंना जस्त सोसत नाही.

आता मीठ. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं 'मरीन सॉल्ट' म्हणजे समुद्रातले सगळे मुख्य क्षार प्रमाणात मिसळलेली भुकटी. स्वयंपाकघरातलं मीठ नको, सैंधवही नको. प्रवासात जड कण तळाला बसतात, म्हणून पिशवी उघडण्याआधी लोळवून घ्या, आणि उरलेली भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आषाढातल्या दमट हवेत तिचा दगड होतो.

मिसळायचं ते वेगळ्या बादलीत, टाकीत कधीच नाही. आधी पाणी, मग त्यात हळूहळू मीठ. उलट केलं, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं, तर तळाशी क्षार दाटतात, कॅल्शियम बाहेर पडून पाणी दुधाळ होतं आणि ते पुन्हा नीट विरघळत नाही. भुकटीत थोडा ओलावा असतोच, त्यामुळे लिटरला ३५ ग्रॅमहून थोडं जास्त लागतं. पिशवीवरचं प्रमाण धरून चाला आणि शेवटचा निर्णय मोजून करा. बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर पाणी फिरू द्या. अर्धवट विरघळलेलं पाणी मोजलं तर आकडा फसवतो.

मोजणं हीच या कामातली सगळ्यात जास्त चुका होण्याची जागा. मघाचं टीडीएसचं पेन इथे कामाचं नाही. खिशातली पेनं साधारण ९,९९० च्या पुढे मोजत नाहीत आणि समुद्र ३५,००० चा. स्वस्तातलं साधन म्हणजे हायड्रोमीटर, पाणी साध्या पाण्यापेक्षा किती जड आहे हे दाखवणारा तरंगता काटा. या जडपणाला विशिष्ट गुरुत्व म्हणतात आणि समुद्राचं ते २५ अंशांना १.०२६ च्या जवळ असतं. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारं दिसतं. बोटाने टिचकी मारून बुडबुडे काढा, आणि वापरून झाल्यावर काटा कोऱ्या पाण्याने धुवा, नाहीतर त्यावर क्षार चढतात.

त्यापेक्षा भरवशाचा रिफ्रॅक्टोमीटर. पाण्यातून जाताना प्रकाश किती वाकतो, त्यावरून हा खारेपणा सांगतो. तिरप्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तो आकडा. बहुतेक जण हे यंत्र कोऱ्या पाण्यावर शून्याला लावतात आणि निर्धास्त होतात. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला दोन-तीन आकडे चुकलेलं असू शकतं. घरच्या घरी पडताळा असा घ्या: कोरडं, बारीक मीठ ३६.५ ग्रॅम आणि कोरं पाणी ९६३.५ ग्रॅम. या द्रावणात प्रकाश ३५ च्या समुद्री पाण्याइतकाच वाकतो. यात साधं मीठ चालतं, कारण हे फक्त यंत्र तपासायला आहे. वजनाला किराण्याचा काटा पुरत नाही, सोनाराकडून मीठ तोलून आणा. या पाण्यावर यंत्र ३५ दाखवेल असा त्याचा स्क्रू फिरवा, आणि महिन्यातून एकदा पुन्हा बघा.

टाकी भरली, आकडा ३५ आला. इथून पुढे खारेपणा सांभाळणं म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळणं. आपल्या कूलरकडे बघा. एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी घालत राहिलो की ताट्यांवर पांढरी खरपुडी चढते. हवेत जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. लोणारला तेच मोठ्या प्रमाणावर होतं. जून २०२० मध्ये पाणी आटून खारेपणा वाढला, खारं पाणी आवडणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि सगळं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग त्या जीवांचा असल्याचं सांगितलं.

घरच्या टाकीचा हिशोब करू. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद टाकी, आत १०० लिटर पाणी, म्हणजे साडेतीन किलो क्षार. पाणी दोन बोटांना थोडं कमी उतरलं की दहा लिटर गेले. क्षार तेवढेच, पाणी ९०, खारेपणा ३९ ला टेकला. आता नवशिक्या माणूस काय करतो? समुद्राची टाकी, म्हणून समुद्राचंच पाणी घालतो. पातळी जागेवर येते, आकडा मात्र ३८.५ राहतो. पुन्हा आटलं, पुन्हा तसंच भरलं की ४२. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी हेच करत होतो. पाणी आरशासारखं स्वच्छ, पातळी बरोबर, आणि कोळंबी दगडाच्या कपारीतून बाहेर येईना. तिसऱ्या दिवशी ती पांढरी होऊन आडवी पडली, तेव्हा कुठे मी आकडा बघितला.

म्हणून आटलेल्या पाण्याची भर नेहमी कोऱ्या पाण्याने. काचेवर बाहेरून मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणा. आठवड्यात एकदम दहा लिटर ओतण्यापेक्षा रोज तांब्या-दोन तांबे बरे. बाहेरगावी जाणं असेल तर कूलरमध्ये असतो तसाच प्लॅस्टिकचा फ्लोट कोऱ्या पाण्याच्या वेगळ्या डब्याला जोडता येतो. डबा मात्र लहान ठेवा. फ्लोट अडकलाच तर पाच लिटर आत जातील, पन्नास नाहीत.

वाढलेला आकडा खाली आणायचा तर घाई नको. १०० लिटर ३८.५ वर असेल तर नऊ लिटर खारं पाणी काढून तेवढंच कोरं घालायचं, पण एका दमात नाही, तीन दिवसांत तीन-तीन लिटर. आकडा कमी झाला असेल तर काही दिवस आटलेल्या पाण्याची भर कोऱ्याऐवजी मिसळलेल्या खाऱ्या पाण्याने करा, आपोआप चढेल. दिवसाला एका आकड्याहून जास्त चढू देऊ नका.

एवढी सावकाशी का, हे कैरीच्या फोडींना मीठ लावून बघितलं की कळतं. मीठ पाणी बाहेर ओढतं. समुद्री माशाच्या रक्तातला खारेपणा समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे टाकतो. बाहेरचा खारेपणा वाढला की हे काम जड होतं. समुद्री गोगलगाईंजवळ तर ही सोयही फारशी नाही. बाहेर जे असेल ते आत शिरतं, म्हणून आधी त्या जातात.

नवा मासा आणला की आधी पिशवीतलं पाणी मोजा. दुकानदार बरेचदा खारेपणा कमी ठेवतात. पिशवी बादलीत रिकामी करून सलाइनच्या नळीने टाकीतलं पाणी थेंब-थेंब सोडा, तासभर तरी. मासा क्लाउनफिशच घ्या, आणि तोही पैदास केंद्रातला. आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास बंदिस्त पाण्यात यशस्वी केलेली आहे. समुद्रातून काढलेलं दगडी पोवळं आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या माशांना पाणी २५-२६ अंश लागतं आणि मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४४-४५ असतं. टाकीवर पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण आटतं दुप्पट वेगाने, आणि भरही तितकीच वाढते. एसीची खोली किंवा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, नसेल तर हा छंद सुरूच करू नये, असं माझं मत आहे.

दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं असतं. नवं पाणी त्याच खारेपणाचं, त्याच तापमानाचं. आता काढलेल्या पाण्याचं काय? त्यात ३५० ग्रॅम क्षार आहेत, वर्षाला १८ किलो. ते तुळशीला नाही, परसात नाही, धुऱ्यावरही नाही. या काळ्या मातीत सोडियम आधीच जास्त आहे. ती ओली झाली की चिकट आणि वाळली की दगड का होते, ते शेतात राबणाऱ्याला सांगायला नको. आरओतून वाया जाणारं पाणीही मातीत सोडू नका, फरशी पुसायला वापरा. टाकीचं पाणी मी गच्चीवर पसरट प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ओततो. मेमध्ये दोन दिवसांत तळाला पांढरी साय उरते. ती उलथन्याने खरवडून पिशवीत भरतो आणि पिशवीचं तोंड सुतळीने बांधतो.